खेळाडूची शैली सांगणाऱ्या सशुल्क अहवालाबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन बुद्धिबळ ॲप

प्रेषक : एक सदस्य, मु. पो. जांबोटी, ता. खानापूर, जि. बेळगाव

विषय : ‘खेळाडू शैली अहवाला’तील चुकीचे निष्कर्ष मागे घेऊन नवा अहवाल व परतावा मिळण्याबाबत

महोदय,

माझ्या भाचीसाठी मी तुमच्या ॲपचे वर्षाचे सदस्यत्व घेतले आहे. ती आठवीत आहे, मराठी शाळेत शिकते. खाते माझ्या नावावर आहे आणि खेळते ती. वर्षाचे १,४९९ रुपये आगाऊ भरले ते एकाच गोष्टीसाठी. खेळाडूचे सगळे डाव तपासून त्याची शैली, बलस्थाने आणि सुधारणेच्या जागा सांगणारा अहवाल मिळेल, असे तुमच्या जाहिरातीत होते. जांबोटीत प्रशिक्षक नाही. बेळगावात क्लास आहेत, पण शाळा सुटल्यावर तिकडे जाऊन रात्री जंगलातल्या रस्त्याने परत येणे या वयाच्या मुलीला जमणारे नाही. म्हणून तुमच्या अहवालावर आमची मदार होती.

अहवाल आला. त्यात लिहिले आहे : खेळाडू बचावात्मक असून धोका टाळते. डाव मध्येच सोडण्याची सवय आहे. एंडगेममध्ये, म्हणजे मोजकीच मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, निष्क्रिय राहते. वरचढ प्रतिस्पर्ध्यापुढे कमकुवत पडते. सल्ला, आक्रमक ओपनिंगकडे (डावाच्या सुरुवातीच्या चालींकडे) वळावे.

मी लहानपणापासून बुद्धिबळ खेळते, वडिलांनी शिकवले. अहवाल वाचून मला राहवले नाही. ज्या डावांच्या आधारे हे लिहिले आहे, ते डाव लाकडी पटावर मांडून मी एकेक करून तपासले. त्यामुळे पुढचे सगळे जबाबदारीने लिहीत आहे.

सगळ्यात आधी डाव मध्येच सोडण्याबद्दल, कारण हा शेरा तिच्या स्वभावावर आहे आणि तो मला सर्वांत जास्त लागला. आमचा भाग घाटमाथ्याचा. इथून पुढे कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, त्यावरून पावसाची कल्पना यावी. जून ते सप्टेंबर झाडे तारांवर पडतात, वीज जाते, वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही बंद पडतो. फोन हातात असतो, पटावर डाव चांगला असतो आणि रेंज जाते. तुमचे ॲप काही सेकंद वाट पाहते आणि डाव समोरच्याला देऊन टाकते. तो नियम मला मान्य आहे, समोरच्याने किती वेळ ताटकळत बसायचे? पराभव नोंदवा, रेटिंग कापा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण संपर्क तुटून गेलेला डाव आणि खेळाडूने हार मानून सोडलेला डाव यांत फरक आहे, आणि तो तुमच्याच नोंदीत आहे. डावांच्या यादीत अशा डावांपुढे ‘संपर्क तुटला’ असे स्पष्ट लिहिलेले दिसते. अहवाल तयार करताना मात्र दोन्ही एकाच रकान्यात टाकले आणि त्यावरून ‘चिकाटी कमी’ असा निष्कर्ष काढला. असे बहुतेक डाव पावसाळ्यातले आहेत. फेब्रुवारी, मार्चच्या डावांत तिने मध्येच सोडलेला एकही डाव मला सापडला नाही. हरत आलेले डावही ती मात होईपर्यंत खेळली आहे.

आता एंडगेम. इथे तुमच्या अहवालाने तिच्या सर्वांत चांगल्या गुणाला दोष म्हटले आहे.

अहवालात नमुना म्हणून दिलेला एक डाव घेते. समोरच्याकडे हत्ती आणि एक प्यादे, हिच्याकडे नुसता हत्ती. हिने आपला राजा प्याद्याच्या वाटेत ठेवला आणि हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीवर आडवा धरला, म्हणजे समोरच्या राजाला पुढे येता येऊ नये. शेवटी कंटाळून समोरच्याने प्यादे त्या ओळीवर ढकलले. त्याच क्षणी हिने हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि मागून शह द्यायला सुरुवात केली. राजाला लपायला जागा नाही, डाव बरोबरीत. हा बचाव फ्रेंच खेळाडू फिलिदोर याने अठराव्या शतकात दाखवून दिला आणि आजही जगभर एंडगेमच्या पहिल्या धड्यांत शिकवला जातो. तेरा वर्षांच्या मुलीने घड्याळात मिनिटभर उरलेले असताना तो बिनचूक वठवला. तुमच्या अहवालात याच चालींखाली ‘हत्ती बराच वेळ निष्क्रिय, जिंकण्याचा प्रयत्न नाही’ असे आहे. एक प्यादे कमी असताना जिंकण्याचा प्रयत्न कसला करायचा? बरोबरी हेच तिथे मिळवण्यासारखे होते आणि तिने ते मिळवले.

दुसरा नमुना याच्या उलट आहे. ती दोन प्याद्यांनी वरचढ होती. तिने एक प्यादे परत देऊन हत्तींची मारामारी घडवून आणली आणि राजा-प्याद्यांच्या सोप्या डावात जिंकली. ती चाल तुम्ही ‘गंभीर चूक’ म्हणून लाल रंगात दाखवली, कारण डाव तपासणाऱ्या संगणक प्रोग्रॅमचा, म्हणजे इंजिनाचा, आकडा त्या चालीने खाली आला. आकडा खाली आला तरी डाव जिंकलेलाच होता. इंजिनाला दमायला होत नाही आणि त्याचे घड्याळही पळत नसते. माणसाने जिंकलेला डाव सोपा करून घेणे हे शहाणपणाचे आहे, आणि कोणताही जाणता प्रशिक्षक या चालीबद्दल तिची पाठ थोपटेल.

वरचढ प्रतिस्पर्ध्यांचा मुद्दा नुसत्या हिशेबाचा आहे. खेळाडूची ताकद आकड्यात मांडणारी अर्पाद एलो यांची रेटिंग पद्धत जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० साली स्वीकारली. तुमची रेटिंगही शेवटी त्याच विचारावर उभी आहे. त्या गणिताने रेटिंगमध्ये २०० अंकांनी वरच्या खेळाडूशी शंभर डाव खेळले तर साधारण २४ गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) मिळणे अपेक्षित असते. अशा खेळाडूंविरुद्ध हिने तीन डावांत एक गुण या प्रमाणात गुण मिळवले आहेत. हे अपेक्षेपेक्षा जास्त आहे. तुम्ही पराभवांची टक्केवारी काढलीत आणि ती कमकुवत असल्याचे लिहून मोकळे झालात.

अहवालात तीन मिनिटांचे ब्लिट्झ आणि पंधरा मिनिटांचे रॅपिड डाव एकत्र करून सरासरी काढली आहे, हेही चुकीचे आहे. तीन मिनिटांच्या, दर चालीला वाढीव सेकंद (इन्क्रिमेंट) नसलेल्या डावात फोनच्या छोट्या पडद्यावर बोटाने खेळणारी मुलगी बऱ्याचदा वेळ संपून हरते. ते बोटांच्या वेगाचे मोजमाप झाले. तिला जायचे आहे ते पटावरच्या स्पर्धांना. आमच्याकडची मुले बेळगावला खेळतात, सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभ्या केलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांना जातात. तिथे विचार करायला वेळ मिळतो. त्या खेळासाठी तिचे रॅपिडचे डाव पाहायला हवे होते.

तिची शैली मला दिसली ती अशी. काळ्या मोहऱ्यांनी ती कारो-कान हा भक्कम बचाव खेळते. ई४ ला सी६, मग डी५, आणि उंट आधी बाहेर काढून मगच प्याद्यांची साखळी बंद करते. पांढऱ्यांनी लंडन पद्धत, हीही संथ, भक्कम सुरुवात. किल्लेकोट लवकर करते. समोरच्याचे एखादे प्यादे एकटे पडले की त्याच्याभोवती सावकाश मोहरी गोळा करते. घाई नाही, पण भीतीही नाही. गरज पडली तेव्हा घोड्यासाठी हत्ती देऊन तिने डाव जिंकल्याचे उदाहरण तुमच्याच संग्रहात आहे. १९६३ ते १९६९ जगज्जेता राहिलेला तिग्रान पेट्रोस्यान अशाच बचावासाठी आणि अशाच हत्तीच्या बळीसाठी ओळखला जातो. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीत गुकेशने चौदाव्या डावात एक प्यादे जास्त घेऊन हत्ती-उंटाचा एंडगेम रेटत नेला. बहुतेकांना तो बरोबरीचा वाटत होता. ५५ व्या चालीला तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन चुकला आणि अठराव्या वर्षी गुकेश जगज्जेता झाला. तो शेवट आम्ही दोघींनी फोनवर पाहिला होता. संथ खेळाला कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही, हे तेव्हापासून तिच्या मनात पक्के होते.

तुमच्या अहवालाने ते मोडले. वाचल्यावर ती मला म्हणाली, “आत्या, माझा खेळ भित्रा आहे म्हणे.” तिने लंडन पद्धत सोडली, तुमच्या सल्ल्याप्रमाणे पांढऱ्यांनी किंग्ज गॅम्बिट सुरू केले. ते ओपनिंग वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण त्यात राजाच्या उंटासमोरचे (एफ) प्यादे पुढे टाकून स्वतःच्या राजासमोरची जागा उघडी करावी लागते, आणि पुढचा हल्ला नेमका कसा करायचा हे पाठ असावे लागते. तिला ते कोणी शिकवले नाही, तुमच्या ॲपनेही नाही. ती हरू लागली. पराभवाचे तिला कधी वाईट वाटत नसे, आता ती पट मांडायलाच टाळते. मुलांच्या हातात जाणारा अहवाल तुम्ही माणसाच्या नजरेखालून न घालता पाठवता, याचा मला खरोखर राग आहे.

तिच्या खेळात उणिवा नाहीत असे मी म्हणत नाही. आहेत, आणि त्या डावांत स्पष्ट दिसतात. समोरच्याच्या घोड्याकडे तिचे लक्ष नसते. वजीर आणि हत्ती एकाच वेळी घोड्याच्या मारात सापडून तिने बरेच डाव घालवले आहेत. मुक्त प्याद्याच्या मागे हत्ती ठेवायचा सोडून ती तो पुढे ठेवते, मग प्यादेही अडते आणि हत्तीही. ओळखीच्या पहिल्या दहा चालींवर ती फार वेळ घालवते आणि मध्यडावात घड्याळ अंगावर येते. डावाच्या मध्यात दोन्हीकडच्या प्याद्यांची टक्कर झाली की ती मारून मोकळी होते, ताण धरून ठेवत नाही. यातली एकही गोष्ट तुमच्या अहवालात नाही. घरच्या पटावर बसून मला जे दिसले ते पैसे घेऊन काम करणाऱ्या तुम्हाला दिसायला हवे होते.

ॲपमधून मी याआधी तक्रार केली. उत्तर म्हणून अहवाल कसा वाचावा याची लिंक आली, आणि तक्रार बंद केल्याचा संदेश.

माझी मागणी अशी. हा अहवाल तिच्या खात्यातून काढावा. संपर्क तुटलेले डाव बाजूला ठेवून, ब्लिट्झ आणि रॅपिड वेगळे करून, एखाद्या प्रशिक्षकाने स्वतः पाहिलेला नवा अहवाल द्यावा आणि त्यात प्रत्येक निष्कर्षासमोर डाव व चाल दाखवावी. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. आणि ‘चिकाटी कमी’, ‘सोडून देण्याची सवय’ असे स्वभावावरचे शेरे मुलांच्या अहवालांतून कायमचे बंद करावेत. खराब रेंजच्या गावांतून खेळणारी आमची एकटीच मुलगी नाही. चोर्ला घाटापासून खानापूरपर्यंत कितीतरी मुले फोनवर खेळतात, आणि तुमचे ॲप त्या सगळ्यांच्या बाबतीत हेच लिहीत असणार.

ई-कॉमर्स नियम २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्याच्या आत होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही कारणांसाठी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा कायद्याने दिली आहे, त्यामुळे मला बेळगावच्या पलीकडे जावे लागणार नाही.

पैसे भरल्याची पावती, अहवालाची प्रत, वर उल्लेख केलेल्या डावांच्या चाली आणि ‘संपर्क तुटला’ असे दाखवणारी पडद्याची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. उत्तर मराठीतून लेखी द्यावे, म्हणजे ते भाचीलाही वाचता येईल.

आपली,
सदस्य व खेळाडूची आत्या
जांबोटी, ता. खानापूर