पिल्लू घरी आलंय, म्हणून हे पत्र

प्रिय मित्रा,

पिल्लाचे फोटो पाहिले. छकुलीचा आनंद तर फोटोत मावत नाहीये! फोनवर एक गोष्ट राहून गेली आणि ती घाईत सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहायला बसलो.

तू म्हणालास, पिल्लू अजून बाहेर गेलेलंच नाही, त्याला जंत कुठून होणार? अरे, ते आईकडूनच घेऊन येतं. टॉक्सोकारा नावाच्या गोल जंताच्या अळ्या कुत्रीच्या अंगात दडून असतात. ती गाभण राहिली की त्या नाळेतून पिल्लांत उतरतात, पुढे दुधातूनही जातात. म्हणून पिल्लू 2 आठवड्यांचं झालं की जंताचं औषध सुरू करतात आणि सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी देतात.

आता शीचं. ताज्या शीतली या जंताची अंडी लगेच बाधत नाहीत. आत अळी तयार व्हायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात. तोवर शी वाळून, धुऊन मातीत मिसळलेली असते आणि आपल्याला वाटतं, जागा स्वच्छ झाली. खरा धोका तिथून पुढे. ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, चिकट असतात, जाड कवचामुळे मातीत वर्षानुवर्षं टिकतात, फिनाइललाही दाद देत नाहीत. ‘राहू दे, खत होईल’ हे मला म्हणूनच मुळीच पटत नाही.

छकुलीच्या वयाची मुलं मातीत बोटं खुपसतात, नखांत माती भरते आणि तीच बोटं तोंडात जातात. पोटात अंडं फुटलं की अळी आतड्यातून रक्तात शिरते, यकृत, फुफ्फुसं असं भटकत राहते. माणसात तिची पूर्ण वाढ होत नाही, त्यामुळे शौचाच्या तपासणीत अंडी सापडत नाहीत, रक्तच तपासावं लागतं. बहुतेकांना काही त्रास होत नाही, कुणाला ताप, खोकला, पोटदुखी. पण अळी डोळ्याच्या पडद्याशी पोचली तर नजर कायमची जाऊ शकते, बहुधा एकाच डोळ्याची. आणि एका डोळ्याने कमी दिसतंय हे लहान मूल सांगत नाही रे, ते दुसऱ्यावर निभावून नेतं. मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते.

कुत्र्यांच्या अंकुशकृमींचं वेगळंच. ओल्या मातीत, वाळूत अनवाणी चाललं की त्यांच्या अळ्या थेट पायाच्या कातडीत शिरतात, लाल नागमोडी रेघ उठते आणि खाज सुटते. छकुलीला अंगणात चप्पल घालायला लावा.

पिल्लाला लांब ठेवा असं मी अजिबात म्हणत नाही. शी दिसली की तेव्हाच पिशवीत हात घालून उचल, गाठ मारून कचऱ्यात टाक आणि साबणाने हात धू. छकुलीची खेळायची वाळू रात्री झाकून ठेव. पिल्लाला आधी औषध दिलं होतं का, ते जिथून आणलंस तिथे आजच विचार, आणि डॉक्टरांनी पुढची तारीख कोणती दिली तेही मला कळव.

वहिनींना नमस्कार, छकुलीला गोड पापा.

तुझाच,
जुना सोबती