एक्केचाळीस नंबरचा माणूस

डॅलस, टेक्सास

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

माझी प्रकृती उत्तम आहे. जेवणाखाण्याचे सारे तुम्ही फोनवर ऐकताच, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. बाबा, फोटो पाहून तुम्ही विचारलेत की एका पुतळ्याशेजारी उभे राहण्यासाठी सुट्टीचा दिवस कशाला घालवला. तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

तो पुतळा डॅलसच्या संघाकडून ४१ नंबरची जर्सी घालून खेळलेल्या डर्क नोविट्झकी या बास्केटबॉलपटूचा आहे. आई, २०११ च्या जूनमध्ये पहाटे साडेपाचला उठून, टीव्हीचा आवाज बंद करून मी ज्याचे सामने पाहत असे आणि तू काही न बोलता दुधाचा पेला ठेवून जायचीस, तोच हा. मायामीविरुद्धच्या अंतिम मालिकेत पहिल्याच सामन्यात त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला दुखापत झाली, आणि दुसऱ्या सामन्यात १५ गुणांनी मागे पडलेल्या डॅलसला त्याने त्याच डाव्या हाताने शेवटची बास्केट करून जिंकून दिले. चौथा सामना तो अंगात ताप असताना खेळला. मालिका ४-२ अशी जिंकल्यावर सारे मैदानात आनंद करत असताना हा एकटाच आत निघून गेला, कारण त्याला रडू आवरत नव्हते. जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गहून विसाव्या वर्षी इथे आला, तेव्हा पहिला हंगाम इतका वाईट गेला होता की परत जावे असे त्याला वाटत होते. पुढे तो याच एका संघाकडून २१ हंगाम खेळला. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मला त्या पहिल्या हंगामाचाच फार आधार वाटला.

त्या रात्री सामनाही पाहिला. इथली एक रीत मला अजून उलगडलेली नाही. फाउल झाला की खेळाडूला कोणीही न अडवता १५ फुटांवरून चेंडू टाकायला मिळतो, त्याला फ्री थ्रो म्हणतात. पाहुण्या संघाचा खेळाडू त्यासाठी उभा राहिला की बास्केटमागचे प्रेक्षक उठून हात हलवतात, फुगवलेल्या लांब नळ्या एकमेकींवर आपटतात आणि ओरडतात; मागचा फळा काचेचा असल्यामुळे त्याला हे सारे आरपार दिसते आणि त्याची नजर ढळावी, हाच हेतू असतो. घरच्या खेळाडूची पाळी आली की तीच माणसे एकदम शांत होतात. यात आजी-आजोबाही असतात आणि कोणाला ते गैर वाटत नाही. शेजारच्या बाईंनी माझ्या हातात नळ्या दिल्या, पण माझ्याने त्या हलवल्या गेल्या नाहीत. फ्री थ्रो घेताना डर्क मनातल्या मनात गाणे गुणगुणत असे. २०११ मध्येच ओक्लाहोमा सिटीविरुद्ध त्याने २४ पैकी २४ टाकले होते.

तिकीट सर्वांत वरच्या रांगेचे होते आणि परतताना सोबत ऑफिसातले तिघे होते, तेव्हा काळजी नसावी.

बाबा, कॅलिफोर्नियातल्या नोकरीबद्दल तुम्ही पुन्हा विचारलेत. २०१४ मध्ये दुसरे संघ कितीतरी अधिक पैसे द्यायला तयार असताना डर्कने डॅलसशीच तीन वर्षांचा सुमारे अडीच कोटी डॉलरचा करार केला, म्हणजे उरलेल्या पैशांत संघाला चांगले खेळाडू घेता यावेत. मला ज्यांनी नवखा असताना सांभाळून घेतले, त्यांना मी एवढ्यात सोडू शकलो नाही. त्याच्यासारखी शिल्लक माझ्यापाशी नाही, हे मला कळते. त्या वाढीव पगारातून ताईच्या लग्नाचा खर्च सहज निघाला असता, हेही कळते. दोन हजार डॉलर काल पाठवले आहेत, उरलेले पुढच्या महिन्यात पाठवतो. कार्यालय ठरवून टाका, कर्ज मात्र काढू नका.

डर्क उन्हाळ्यात जर्मनीला जात असे आणि होल्गर गेश्विंडनर या आपल्या गुरूबरोबर तिकडच्या एका शाळेच्या व्यायामशाळेत सराव करत असे. मी तीन वर्षांत एकदाही आलो नाही. या वेळी रजा दहाच दिवसांची मिळाली आहे, पण हळदीच्या आदल्या दिवशी नक्की पोहोचतो.

माझ्यासाठी आलेल्या स्थळाचे वाचले. मुलगा कायमचा परत केव्हा येणार, असे त्यांनी विचारले आहे. त्याचे उत्तर मला आज देता येत नाही, म्हणून त्यांना थांबवून ठेवू नका.

कळावे,
आपला आज्ञाधारक