मंत्रिमहोदय, उरलेलं दोन मिली कुणाच्या खात्यात?

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्यमंत्री, भारत सरकार

महोदय, स. न. वि. वि.

१ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली: ३ वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कॅन्सरचं डे-केअर केंद्र, त्यातली २०० तर २०२५-२६ मध्येच. आमच्या घरात पेढे वाटायचेच बाकी होते. गेल्या आठवड्यात विदर्भातल्या आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशीला गेले. खोली आहे, फलक आहे, फलकावर हसरे फोटोही आहेत. इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला गाठीशी लढवणाऱ्या उपचाराचं विचारलं, तर उत्तर मिळालं: "इम्युनोथेरपी? ते इथं नाही होत, मॅडम. नागपूरला न्या."

नागपूरलाच नेतोय, साहेब. पहाटेच्या एसटीनं, दादाला खिडकीशी बसवून. गालाचा कॅन्सर, ऑपरेशननंतर उलटलेला. बोलणं कुणाला कळत नाही म्हणून कंडक्टरला तिकीटही तो वहीत लिहून मागतो. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, खायचा, हो. तो आरोप आधीच कबूल.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, म्हणून थोडं शिकवूनच घेते. दादाला मिळणारं औषध निवोलुमॅब ही अँटीबॉडी (प्रतिपिंड) आहे. टी-पेशी म्हणजे आपल्या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांच्यावरचा पीडी-१ हा खटका दाबून गाठ त्यांना गप्प बसवते. अँटीबॉडी आधीच तिथं जाऊन बसते आणि गाठीला हात घालू देत नाही. चिकटलेली टी-पेशीच मरू नये म्हणून ती मुद्दाम आयजीजी-४ जातीची घडवली. रेणूची अर्धुकं सुटू नयेत म्हणून सांध्यातलं एक अमिनो आम्ल बदललं. पीडी-१ शोधणाऱ्या जपानच्या तासुकू होंजोंना २०१८ चं नोबेल विभागून मिळालं. पेशंटला मात्र लाखांतलं बिल अख्खंच मिळतं.

आणि यावरचा तोडगा आपल्याच देशात निघालाय! टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी हेच औषध फक्त २० मिलिग्रॅम, दर ३ आठवड्यांनी, मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या गोळ्यांच्या जोडीनं दिलं. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगणारे १६ टक्के होते, या औषधाच्या जोडीनं ते ४३ टक्क्यांवर गेले. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम, तोही दर २ आठवड्यांनी. हे २०२२ मध्ये छापून आलं. आपल्या खात्यात कुणी वाचलं का?

आता बाटली बघा. सगळ्यात लहान ४० मिलिग्रॅमची, म्हणजे ४ मिली. सिस्टर २ मिली ओढून घेतात आणि उरलेलं २ मिली माझ्या डोळ्यांदेखत पिवळ्या पिशवीत टाकतात. पैसे पूर्ण बाटलीचे. त्या दिवशी दुसरा पेशंट असता तर खर्च निम्मा झाला असता. दोन पेशंट एका वारी बोलवायला कुठलं तंत्रज्ञान लागतं? चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशाला एवढंही जमू नये!

म्हणून मागणं एवढंच: कमी डोसचं हे उपचार-पॅकेज आयुष्मान भारत योजनेच्या यादीत घाला, जिल्ह्याला आठवड्यातला एक वार ठरवून द्या आणि किमतीला वेसण घाला. ५ लाखांचं कार्ड माझ्या पर्समध्ये आहे. खिडकीवर ते उलटंपालटं करून "यादीत बसत नाही" म्हणून परत देतात. आईच्या पाटल्या मात्र सोनाराच्या यादीत लगेच बसल्या. २०२४ मध्ये ड्युरव्हालुमॅब या अशाच महागड्या कॅन्सर-औषधावरचं सीमाशुल्क माफ केल्याच्या बातम्या आम्ही वाचल्या. ज्याला औषधच परवडत नाही, त्याला त्यावरचं शुल्क माफ झालं काय नि न झालं काय!

आणि गुटखा? महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. कसली बंदी? आमच्या कॉलेजच्या फाटकासमोरच्या टपरीवर या, हवी ती पुडी मिळेल. शाळकरी पोरं खर्रा घोटून घेतात. तंबाखूवरचा कर सरकार घेतं, गालातली गाठ आम्ही घ्यायची, असा हा वाटणीचा हिशेब. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यांपैकी एकानंही कॅन्सर हा शब्द काढला नाही. रस्ता, पुतळा, जात, झालं.

उत्तर पाठवलंत तर "आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे" हे वाक्य तेवढं टाळा. आरोग्य आपल्याकडे, औषधांच्या किमती बघणारं रसायन खातंही आपल्याकडेच. वर्ग करायचा तर टेबलाच्या या कडेवरून त्या कडेला करा.

आपली,
एक शिक्षिका, विदर्भ