हंडेवाल्या बाईपलीकडे

जळगावातल्या चित्रप्रदर्शनांत डोक्यावर हंडा, ढळलेला पदर अशी नाजूक खेडवळ बाई हमखास भेटते. कापूस वेचताना बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेली बोटं मात्र क्वचितच कुणी रंगवतं! चित्रकार अमृता शेरगिलने अजिंठा पाहून आल्यावर १९३७ मध्ये ‘वधूचा शृंगार’ रंगवला. त्यातली नवरी ना लाजते, ना मिरवते. नुसती बसून आहे. अजिंठ्याला आपल्या शाळांच्या सहली जातात, पण तिथे हे नाव निघत नाही. श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीच्या नारळाला नथ-डोळे लावून सजवणाऱ्या आयाबायांना तर आपण कलावंतांत धरतच नाही. आयोजकांनी पुढच्या प्रदर्शनात निम्म्या भिंती मुलींना द्याव्यात. विषयही त्यांनाच ठरवू द्यावा.

– एक कलाशिक्षिका, भुसावळ