सागाचा पाला जाळू नका

महोदय,

गोव्यातल्या सत्तरी, सांगे, धारबांदोडा भागात जुना साग तोडून पुन्हा लागवड करताना आधी पाला-फांद्या पेटवतात. त्यातला बहुतेक नत्र धुरात जातो आणि राख जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला मिळते. जांभ्यावरचा सुपीक थर मुळातच पातळ. जेसीबीने तोही खरवडला की दुसऱ्या पिढीची झाडे खुरटणारच.

फांद्या उताराला आडव्या रचाव्यात. सागाला कॅल्शियम भरपूर लागते आणि ते सालीत खूप साठलेले असते. म्हणून ओंडके जागेवरच सोलून साल रानात पसरावी. ट्रकमधून गेलेली साल म्हणजे गेलेले खतच!

खड्डे ४५ सेंटिमीटरचे घ्यावेत, वरची माती वेगळी ठेवून शेणखतासह तीच आधी भरावी. आपल्या आम्ल मातीतले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात, तेव्हा रॉक फॉस्फेट वरून न फेकता खड्ड्यातच मिसळावे. पहिली दोन वर्षे ओळींमध्ये अळसांदे (चवळी) किंवा कुळीथ पेरावेत.

झाडे मोठी झाल्यावरही पाचोळ्याला हात लावू नये. सागाच्या रुंद पानांवरून पडणारे टपोरे थेंब उघडी माती उडवतात. खडे मातीच्या बारीक खुंट्यांवर उभे दिसले, की आजूबाजूची माती वाहून गेली असे समजावे.

तोडीच्या निविदेतच जाळण्यास बंदी आणि साल जागेवर सोडण्याची अट घालावी, ही वनखात्याला कळकळीची विनंती.

— एक वाचक, वाळपई