त्रिएस्तेच्या अकादमीसाठी: विज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी निवृत्त रसायनशास्त्रज्ञ आहे. नोकरीच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत माझ्या प्रयोगशाळेत कुणी ना कुणी परदेशी फेलो, म्हणजे संशोधनवृत्तीवर आलेला संशोधक, असायचाच. कधी इथिओपियाची एखादी प्राध्यापिका, कधी नायजेरियाचा किंवा नेपाळचा तरुण. त्यांच्यातल्या बहुतेकांना आमच्यापर्यंत आणणारी संस्था इटलीतल्या त्रिएस्ते शहरात आहे. तिचे नाव ‘द वर्ल्ड अकॅडमी ऑफ सायन्सेस’. प्रयोगशाळेत आम्ही तिला नुसते ‘ट्वास’ म्हणायचो. तिच्या पैशांविषयी आपल्याशी बोलायचे आहे.

ही अकादमी कशासाठी निघाली हे समजायला तिचे संस्थापक, पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांचे लाहोरमधले दिवस आठवावे लागतात. केंब्रिजला नाव कमावून ते 1951 मध्ये शिकवायला परतले. तिथे ना ताजी नियतकालिके पोहोचत, ना ज्याच्याशी भौतिकशास्त्र बोलावे असे कुणी होते. शिकवण्याव्यतिरिक्त त्यांच्याकडे काम आले ते कॉलेजच्या फुटबॉल संघाचे. संशोधन टिकवायचे तर देश सोडावा लागेल हे त्यांच्या लक्षात आले आणि 1954 मध्ये ते केंब्रिजला परत गेले. ही निवड दुसऱ्या कुणावर येऊ नये, ही तळमळ मात्र त्यांनी जन्मभर सोडली नाही. 1964 मध्ये त्यांनी त्रिएस्तेला सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे केंद्र उभे केले. गरीब देशातल्या संशोधकाने तिथे काही महिने यावे, काम करावे आणि आपल्या विद्यापीठात परत जावे, अशी त्याची रीत होती. त्यांना नोबेल मिळाल्यानंतर चार वर्षांनी, 1983 मध्ये, 42 सदस्यांसह ही अकादमी स्थापन झाली. तेव्हा तिच्या नावात ‘तिसरे जग’, म्हणजे विकसनशील देश, होते. आजचे नाव 2012 पासूनचे.

आज तिचे तेराशेहून अधिक निर्वाचित सदस्य आहेत, पण माझ्या लेखी तिचे मोल मानसन्मानात नाही. पीएच.डी. आणि तिच्यानंतरच्या संशोधनासाठी (पोस्टडॉक्टरल) फेलोशिप, छोटी संशोधन अनुदाने, स्त्री-संशोधकांच्या जागतिक संघटनेला दिलेले घर, ही तिची खरी कामे. आणि हे सगळे चालते ते फार थोड्यांच्या आधारावर. कार्यालय चालवण्याचा मुख्य भार इटली उचलते, आणि 2004 मध्ये इटलीच्या संसदेने त्यासाठी कायदाच केला. निधीचा आणि कर्मचाऱ्यांचा कारभार 1991 पासून युनेस्को पाहते. संशोधन अनुदानांना मोठा हात स्वीडनच्या विकास सहकार्य संस्थेने दिला. फेलोशिपमध्ये साधारणपणे येण्याजाण्याचे भाडे अकादमीचे आणि राहण्याचे विद्यावेतन यजमान देशाचे, असा वाटा असतो. आपल्याकडे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद (सीएसआयआर) आणि जैवतंत्रज्ञान विभाग हे यजमानपण सांभाळत आले आहेत. ते चांगले काम आहे आणि त्याबद्दल मला फक्त कृतज्ञता आहे.

गाडे अडते ते फेलो मायदेशी परतल्यावर. माझ्याकडे वर्षभर राहिलेल्या एका प्राध्यापिकेने परत जाऊन, मिळेल त्या जागेत, पाण्यातल्या कीटकनाशकांच्या अंशांचे काम सुरू केले. विद्यापीठात यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावणात अतिनील प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारे यंत्र, होता. सहा महिन्यांत त्याचा ड्युटेरियमचा दिवा गेला. हा दिवा जेमतेम हजार-दोन हजार तास चालतो. आमच्या प्रयोगशाळेत तो कपाटात जादाचा ठेवलेला असतो आणि बदलायला अर्धा तास पुरतो. तिच्या देशात तो विकणारा कुणी नव्हता. परकीय चलनाची परवानगी, मग कस्टम्स, असे करत दिवा हाती पडेपर्यंत जवळजवळ वर्ष गेले. दरम्यान तिच्या दोन विद्यार्थ्यांनी विषय बदलले. आम्ही तिच्यावर घालवलेले एक वर्ष एका दिव्यावाचून खोळंबून राहिले.

अकादमीला हे दुखणे आधीपासून ठाऊक होते. यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याची एक योजना तिने सुरुवातीच्या काळातच काढली होती. बाहेरच्या कुणाला ती किरकोळ वाटेल. ज्याचे यंत्र बंद पडले आहे त्याला ती किती मोठी, हे मी पाहिले आहे.

म्हणून माझी मागणी फेलोशिपच्या जागा वाढवण्याची नाही. भारतात शिकून परतलेल्या फेलोंसाठी, परतल्यानंतरच्या पहिल्या तीन वर्षांत रसायने, सुटे भाग आणि यंत्रदुरुस्ती यांना पुरेल असे छोटे अनुदान भारताने अकादमीमार्फत सुरू करावे. आणि ते एका वर्षाच्या मर्जीवर ठेवू नये, किमान दहा वर्षांचा करार करावा. संशोधकाला पुढच्या मार्चनंतर काय, हे माहीत नसेल तर तो विद्यार्थी घेत नाही. इटलीने कायद्याने दिलेली खात्री म्हणूनच मला रकमेपेक्षा मोठी वाटते.

दुसरी गोष्ट लहान आहे, पण सांगायलाच हवी. परदेशातून आलेल्या फेलोच्या हातात पहिले विद्यावेतन पडायला कधीकधी तीन-तीन महिने जातात. बँक खाते, परदेशी नागरिक म्हणून नोंदणी, हजर झाल्याचा अहवाल, मंजुरी, असे कागद फिरत राहतात. आम्ही सहकाऱ्यांनी वर्गणी काढून एकाचे घरभाडे भरले आहे. त्या मुलाची मान खाली गेलेली मला अजून दिसते. पहिल्या दोन महिन्यांची रक्कम यजमान संस्थेकडे आधीच ठेवली तर हा प्रसंग येणार नाही.

आपल्याच संशोधनाला पैसा अपुरा असताना हे कशाला, असे आपले अधिकारी म्हणतील. देश संशोधनावर सकल उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी खर्च करतो, हे मला टोचते आणि ते वाढलेच पाहिजे. पण मी मागतो आहे ती रक्कम त्या हिशेबात नजरेतही भरणार नाही. शिवाय आपण या अकादमीत पाहुणे नाही. प्रा. सी. एन. आर. राव 2000 ते 2006 या काळात तिचे अध्यक्ष होते आणि अल्पविकसित देशांतल्या संशोधकांसाठी त्यांच्या नावाचा पुरस्कारही अकादमी देत आली आहे. 2010 मध्ये तिची सर्वसाधारण सभा हैदराबादला भरली, तेव्हा उद्घाटनाला पंतप्रधान होते. चीनच्या विज्ञान अकादमीने ट्वासबरोबर वर्षाला दोनशेपर्यंत पीएच.डी. फेलोशिप देऊ केल्या आहेत. जागांच्या शर्यतीत उतरण्याचे आपल्याला कारण नाही, परत गेलेल्यांची पाठराखण मात्र आपण करू शकतो. साखळीतला कच्चा दुवा तिथेच आहे.

ती प्राध्यापिका अजून काम करते आहे. मागच्या पत्रात तिने कळवले की आता तिच्याकडे चार विद्यार्थी आहेत आणि कपाटात एक जादाचा दिवा आहे. तो तिने स्वतःच्या पगारातून घेतला.

पुढील अर्थसंकल्पाच्या चर्चेआधी या अनुदानासाठी आपण एक बैठक बोलवावी, आणि परदेशी फेलोंबरोबर प्रत्यक्ष काम केलेल्या दोन-तीन जणांना तिथे बोलू द्यावे, ही विनंती. बोलावलेत तर मी स्वखर्चाने येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त संशोधक