पावसाळाभर भाचरं सांभाळलेल्या माम्यांना

कोकणातल्या माम्यांनो,

सा. न. वि. वि.

कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली. त्याच्या कितीतरी आधीच्या, आगबोटींच्या दिवसांतलं हे देणं आहे. पावसाळा तोंडावर आला की बोटी बंद, त्या पुन्हा सुरू व्हायच्या नारळी पौर्णिमेच्या सुमाराला. मुंबईत आईचं बाळंतपण किंवा दुखणं निघालं की तीन-चार वर्षांचं पोर मे महिन्यात आजोळी यायचं आणि शेवटची बोट सुटली की गणपतीपर्यंत तुमच्याच पदराला. तेही ऐन भातलावणीत!

दिवसभर रमलेलं पोर दिवेलागणीला हटकून रडायचं. तेव्हा तुम्ही समजूत काढत बसला नाहीत, वाती वळायला कापूस हातात दिलात. रात्री पांघरायला त्याच्या आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी काढलीत. पहिले आठ दिवस तिनेच निभावले.

सकाळी उकड्या तांदळाची पेज. वाटीभर तांदळाला आठ-दहा वाट्या पाणी, मंद विस्तव, मीठ अगदी शेवटी. जाळ वाढवला तर तळाला लागते आणि दाणा आत टणकच राहतो. अढीतला आंबा आधी पाण्यात बुडवून ठेवायचा, देठाकडचा चीक पिळून टाकायचा, मगच पोराच्या हातात. एवढं चुकलं तर ओठांभोवती चीक उततो; मग दोन दिवस खोबरेल. आषाढात कपडे चुलीवरच्या दांडीवर वाळवायचे आणि घालण्याआधी झटकायचेच, कारण उबेला विंचू येऊन बसतो.

पोर वाढत होतं आणि आई मुंबईत. कपड्यांच्या मापासाठी तुम्ही दोरा घेऊन मानेपासून मोजायला लागलात: पहिली गाठ कमरेला, दुसरी गुडघ्याला. तो पाकिटात घालून मुंबईला. सोबत निरोप, ‘खाली चार बोटं दुमड ठेवा.’

आणि सगळ्यांत मोठं देणं वेगळंच आहे. चार महिन्यांत एवढं पोर आईचा चेहरा विसरतं, मामीलाच आई म्हणायला लागतं. तुम्हाला ते गोड वाटलं असणार. तरी रोज निजवताना विचारत राहिलात, ‘मुंबईला कोण आहे?’ गणपतीला आई आली तेव्हा पोर तुमच्याच पदराआड लपलं. घट्ट धरलेल्या पदरातून त्याचं एकेक बोट तुम्हीच सोडवलंत आणि हात तिच्या हातात दिलात.

तुमची,
सगळी भाचरं